‘समान फ्रेम’ नव्हे, ‘तीच फ्रेम’

प्रश्न असा आहे: जीडीबी या डीबगरमध्ये (प्रोग्राममधल्या चुका शोधण्याच्या साधनात) स्टॅक-फ्रेमांची ओळख आणि तुलना कशी दुरुस्त केली, याचे टिपण मराठीत लिहिताना ‘सेम फ्रेम’ला ‘समान फ्रेम’ म्हणावे का, आणि ‘प्रीव्हियस फ्रेम’ला ‘मागची फ्रेम’ म्हटले तर चालेल का? दोन्हींना माझे उत्तर नकारार्थी आहे. पहिल्याचे कारण भाषेइतकेच त्या दुरुस्तीच्या गाभ्यात आहे.

‘फ्रेम’ आणि ‘स्टॅक’ हे शब्द मराठी प्रोग्रामरांच्या बोलण्यात रुळले आहेत, ते तसेच राहू द्यावेत. ‘चौकट’ म्हटले की दाराची लाकडी चौकट डोळ्यांसमोर येते. इथे मात्र फंक्शनच्या एका आवाहनापुरती, म्हणजे त्याला एकदा बोलावण्यापुरती, राखलेली स्मृतीतली जागा अभिप्रेत आहे, आणि अशा जागा एकीवर एक रचल्या जातात तो स्टॅक. स्टॅकला मराठी शब्द हवाच असेल तर भाकऱ्यांची असते ती ‘चळत’ चांगली. ‘उतरंड’ मी टाळतो, कारण आज त्या शब्दाला उच्चनीचतेचा अर्थ इतका चिकटला आहे की मडकी कुणाला आठवत नाहीत.

आता ‘समान’. एखादे फंक्शन स्वतःलाच पाच वेळा बोलावते तेव्हा स्टॅकवर त्याच्या पाच फ्रेमा उभ्या राहतात. त्यांचा कोड एकच, चलांची (व्हेरिएबलांची) नावे एकच, मांडणीही बहुधा एकच. मराठीत आपण सहज म्हणू की या फ्रेमा समान आहेत, एकीसारखी दुसरी आहे, परंतु डीबगरला हवे असलेले उत्तर याच्या नेमके उलट असते: दुसरी फ्रेम पहिलीसारखी असली तरी ‘ती’ नव्हे. ‘तशीच’ आणि ‘तीच’ हा भेद मराठी एका अक्षराने करते, आणि ‘समान’ हा शब्द तो भेद पुसून टाकतो.

ही ओळख कशी ठरते, हे पाहिले म्हणजे शब्दांची निवड सोपी होते. प्रोग्राम पुढे सरकला की जीडीबी फ्रेमेविषयी गोळा केलेली माहिती टाकून देते आणि जवळ ठेवते ती फक्त एक छोटी ओळख, जिला खूणगाठ म्हणण्याचा मोह मला आवरत नाही. तिच्यात मुख्यतः स्मृतीतले दोन पत्ते असतात: स्टॅकवरचा पत्ता आणि फंक्शनच्या प्रारंभाचा पत्ता. केवळ स्टॅकचा पत्ता पुरत नाही, कारण स्टॅकवर स्वतःसाठी जागाच न घेणाऱ्या फंक्शनांच्या बाबतीत दोन वेगळ्या फ्रेमा एकाच पत्त्यावर येऊ शकतात. केवळ फंक्शनचा पत्ताही पुरत नाही. वरच्या पाच फ्रेमा हेच सांगतात. शिवाय स्टॅकचा पत्ता असा निवडावा लागतो की फंक्शन चालू असेपर्यंत तो ढळणार नाही. एक्स८६-६४ या प्रोसेसर-रचनेवर फंक्शनच्या पहिल्या सूचनेपाशी हा पत्ता स्टॅक-पॉइंटर (स्टॅकचे टोक दाखवणारा पत्ता) अधिक 8 असा निघतो. जुना बेस-पॉइंटर (बोलावणाऱ्या फ्रेमेचा आधार-पत्ता) स्टॅकवर ढकलल्यानंतर तोच पत्ता स्टॅक-पॉइंटर अधिक 16 असा काढावा लागतो. हा हिशेब चुकला तर एका सूचनेपुरते पाऊल टाकताच डीबगरला आपण दुसऱ्याच फ्रेमेत आलो असे वाटते. अशा दुरुस्तीचे वर्णन ‘तीच फ्रेम वेगळी धरली जात होती’ असे करावे. ‘समान फ्रेमा असमान ठरत होत्या’ या वाक्यातून वाचकाला काहीच कळणार नाही.

तुलनेत एक खाच आहे. ओळखीतला फंक्शनचा पत्ता ठाऊक नसेल तर तो कशालाही चालतो असे मानण्याची सोय जीडीबीच्या कोडमध्ये होती. मग अ ही ब शी जुळते, ब ही क शी जुळते, तरी अ आणि क जुळतीलच असे नाही. अशा जागी ‘तीच’ही लिहू नये, ‘जुळणे’ हे क्रियापद वापरावे; जुळणे म्हणजे एक असणे नव्हे, हे ते क्रियापद प्रामाणिकपणे सांगते.

‘तीच’चीही मर्यादा मान्य केली पाहिजे. ‘मी रोज तीच लोकल पकडतो’ असे आपण म्हणतो, तेव्हा डबे निराळे असू शकतात, वेळ आणि फलाट तेवढे तेच असतात. फ्रेमेचेही तसेच आहे: एखाद्या आवर्तनात (लूपमध्ये) एकाच जागेवरून तेच फंक्शन दोनदा बोलावले गेले, तर दोन्ही वेळी दोन्ही पत्ते तेच येतात, आणि संपलेली फ्रेम व नवी फ्रेम यांत केवळ ओळखीवरून फरक करता येत नाही. म्हणून स्थानिक चलावर पाळत ठेवताना जीडीबी बोलावणाऱ्या फंक्शनमध्ये, जिथे परत यायचे त्या जागी, एक ब्रेकपॉइंट (प्रोग्राम थांबवणारी खूण) ठेवून फ्रेम संपल्याची खात्री करून घेते. टिपणात हा भाग आला तर ‘तेच आवाहन’ असे स्पष्ट लिहावे.

राहिला ‘प्रीव्हियस’. जीडीबीत ती म्हणजे बोलावणाऱ्याची, आधीपासून अस्तित्वात असलेली फ्रेम. पण सर्वांत आतल्या फ्रेमेला 0 आणि तिला बोलावणारीला 1 असा क्रमांक मिळत असल्यामुळे मोजणाऱ्याला तीच ‘पुढची’ वाटते. या गोंधळावर ‘थोरली’ आणि ‘धाकटी’ हे शब्द मला सर्वांत नेमके वाटतात, कारण त्यांतला क्रम जन्माचा आहे, जागेचा नाही. ‘आतली’ आणि ‘बाहेरची’ हे शब्द पत्त्यांची तुलना सांगायची असेल तिथेच राखून ठेवावेत. सिग्नल (प्रोग्रामला मध्येच येणारा इशारा) हाताळण्यासाठी वेगळा स्टॅक नेमलेला असला की पत्त्यांवरून काढलेले आत-बाहेर फसू शकते, पण थोरली फ्रेम तिथेही थोरलीच राहते.