अमेरिकेतल्या साउथ कॅरोलायना राज्यातल्या चार्ल्सटन शहराच्या रस्त्यांचे जुने फोटो कुठे बघायला मिळतील?

लायब्ररी ऑफ काँग्रेस या अमेरिकेच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या साइटवर, फुकट आणि मोठ्या आकारात. जॉर्ज बर्नार्डने 1865 मध्ये काढलेल्या फोटोंपासून सुरुवात करा. मीटिंग स्ट्रीटवरच्या सर्क्युलर चर्चच्या पडवीतून दिसणारे भग्नावशेष आणि खांबाच्या तळाशी बसलेली मुलं, हा फोटो झूम करून बघाच. मी त्यातच अर्धा तास घालवला!

एक गंमत: ही पडझड अमेरिकन यादवी युद्धातल्या (1861-65) तोफांमुळे झाली असं बघणाऱ्याला वाटतं. गोळे पडले होतेच, पण हे चर्च जळालं ते डिसेंबर 1861 च्या आगीत. पुढे 31 ऑगस्ट 1886 ला भूकंप झाला. भेगाळलेल्या, कोसळलेल्या भिंतींचे फोटो त्यानंतरचे. शोधताना तारीख तपासा, नाहीतर आग आणि भूकंप या दोन्ही संकटांची सरमिसळ होते.