वाचकांचे प्रश्न : घोडीचे केस जातायत आणि वरातीचा सीझन तोंडावर आलाय

प्रश्न : नमस्कार डॉक्टर. आमच्याकडे इंदूरला एक पांढरी घोडी आहे, लग्नाच्या वरातींवरच आमचं घर चालतं. दसऱ्याच्या आधीपासून तिच्या तंगाच्या (खोगीर बांधायच्या पट्ट्याच्या) जागी आणि खांद्यावर रुपयाएवढे गोल चट्टे पडलेत, केस गळून कोंडा धरलेली कातडी दिसते. खाजवत फारशी नाही, पण चट्टे वाढतायत. मोतद्दार म्हणतो जळकं ऑइल लावू, मेडिकलवाल्याने माणसांचं एक मलम दिलंय. खरारा करणाऱ्या मुलाच्या मनगटावर पण तसाच गोल चट्टा उठलाय. तुळशीच्या लग्नानंतर काम सुरू होतं, तोवर केस येतील का? – एक वाचक, इंदूर

उत्तर : दादा, तुमच्या पत्रातली सगळ्यात कामाची ओळ त्या मुलाच्या मनगटाची आहे. गोल चट्टे, कडेने पसरत जाणारे, खाज कमी, आणि नेमके तंग आणि सामान घासतं तिथेच, वर माणसालाही तेच, म्हणजे माझा पहिला संशय गजकर्णावर आहे. ही बुरशी आहे, घोड्याची माणसाला होते आणि एकाच खराऱ्याने, एकाच झुलीने एका घोडीची दुसरीला जाते. मुलाला आजच त्वचेच्या डॉक्टरकडे पाठवा आणि घोडीची गोष्ट त्यांना सांगायला सांगा, नाहीतर ते नुसता चट्टा बघून औषध देतील आणि घोडीकडून परत लागेल.

पण संशय म्हणजे निदान नाही. पावसाळ्यानंतर आपल्याकडे अजून एक त्रास खूप दिसतो, तो जंतूंचा असतो, बुरशीचा नाही. तो पाठीवर आणि पुठ्ठ्यावर, म्हणजे पावसाचं पाणी जिथून ओघळतं तिथे होतो. त्यात खपली उचलली की केसांचा झुपका सगळा एकत्र निघतो, रंगाच्या ब्रशसारखा, आणि खाली ओलसर गुलाबी कातडी असते. खरूज असेल तर घोडी खाजवून खाजवून हैराण होते. तिघांचं औषध वेगळं, म्हणून आधी चट्ट्याच्या कडेचे केस आणि कोंडा खरवडून तपासायला द्या (मधला भाग नको, बुरशी कडेला जिवंत असते). आणि त्याआधी काही लावलं असेल तर डॉक्टरांना सांगा. इंदूरहून महूचं पशुवैद्यकीय कॉलेज जवळच आहे, घोडीला शक्य असेल तर तिथेच दाखवा.

जळकं ऑइल अजिबात नको. त्याने कातडी भाजते, वरून घोडी ते चाटते. आणि मेडिकलवाल्याच्या त्या मलमाच्या पाकिटावर स्टिरॉइड लिहिलेलं असेल तर तेही बंद, कारण स्टिरॉइडने लाली दोन दिवस दबते आणि आत बुरशी मोकाट सुटते. हे मी तावातावाने लिहितोय कारण असे चट्टे अर्ध्या अंगावर पसरलेले बघितलेत.

गजकर्णच निघालं तर डॉक्टर बहुतेक मायकोनाझोल आणि क्लोरहेक्सिडिनचा शाम्पू देतील. तो नुसत्या चट्ट्यांवर नाही, सगळ्या अंगाला लावायचा, दहा मिनिटं तसाच ठेवायचा आणि मग धुवायचा, आठवड्यातून दोनदा. लोक चुकतात ते इथेच, लावला की लगेच पाणी ओततात. धुतल्यावर घोडी पूर्ण वाळू द्या, ओली असताना झूल टाकू नका. पोटातून ग्रिसिओफल्विन सुचवलं आणि घोडी गाभण असेल तर ते आधी सांगा, गाभण घोडीला ते देत नाहीत.

आता सामान. ह्याच्याशिवाय शाम्पू फुकट जातो. खरारा, ब्रश, तंग, खोगिराखालची गादी, वरातीची मखमली झूल, सगळ्यावर बुरशीचे बीजाणू कित्येक महिने जिवंत राहतात. धुता येतं ते आधी साबणाने मळ काढून धुवा (मळावर ब्लीच चालत नाही), मग एक भाग ब्लीचला दहा भाग पाणी करून दहा मिनिटं बुडवा, कडक उन्हात वाळवा. चामड्याला ब्लीच नको, ते डॉक्टरांना विचारून साफ करा. मखमल ब्लीचने जाते, म्हणून ती झूल ह्या सीझनला बाजूलाच ठेवा, आणि दुसऱ्या घोड्यांचा खरारा वेगळा. तबेल्यातले खांब जिथे ती अंग घासते तेही पुसून घ्या.

चंदीबद्दल थोडंच. नुसता हरभरा नको, हिरवा लसूणघास आणि थोडी शिजवलेली अळशी द्या, केसांना बरं.

केस येतील का? येतील. निरोगी घोड्यात गजकर्ण एक ते तीन महिन्यांत आवरतं, औषधाने पसरणं लवकर थांबतं, आणि आता दिवस लहान होतायत म्हणजे थंडीचे केस तसेही फुटणार. पण तुळशीच्या लग्नापर्यंत पूर्ण भरेल असं मी सांगणार नाही. डॉक्टर हो म्हणत नाहीत तोवर तिला वरातीला नेऊ नका, नवरदेव तिच्यावर बसतो, आजूबाजूची लहान मुलं हात लावतात. धंद्याचं नुकसान आहे हे मला कळतं. पण बुरशी दुसऱ्याच्या घोड्यांत गेली की नुकसान अजून मोठं.

एक गोष्ट वेगळी. पायाच्या आतल्या बाजूला ओळीने गाठी येऊन फुटत असतील, नाकातून घट्ट पू येत असेल, तर हात लावू नका आणि त्याच दिवशी सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा. ही ग्लँडर्स ह्या घोड्यांच्या संसर्गजन्य रोगाची लक्षणं असू शकतात. तो माणसाला जीवघेणा ठरतो, जनावरांच्या संसर्गजन्य रोगांच्या 2009 च्या कायद्याने तो कळवणं बंधनकारक आहे आणि घोड्यांच्या अशा तपासण्या हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्रात होतात. तुमच्या वर्णनात तसं काही नाही, तरी तपासून बघा.

प्रश्न : आमचा घोडा दर उन्हाळा-पावसाळ्यात आयाळ आणि शेपटीचं मूळ घासघासून केस तोडतो, थंडीत बरा असतो. – वाचक, वडोदरा

उत्तर : ताई, हे बहुतेक चिलटांच्या चावण्याची ॲलर्जी आहे. चिलटं पहाटे आणि दिवेलागणीला जास्त चावतात, त्या वेळी घोडा आत बांधा आणि मोठा पंखा लावा, ती वाऱ्यात उडू शकत नाहीत. साचलेलं पाणी आणि ओली लीद रोजच्या रोज काढा. फार खाजवत असेल तर डॉक्टर औषध देतील. फक्त शेपूट घासत असेल आणि आयाळ ठीक असेल तर मात्र सूतकृमी बघा, लिदीच्या तपासणीत ते बहुतेक सापडत नाहीत, गुदद्वाराजवळ चिकटपट्टी लावून ती काचेवर चिकटवून डॉक्टरांना द्या.