सीटी रिपोर्टात 'ॲस्पेक्ट्स ८' आहे, काका बरे होतील का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: काकांना सकाळी अंगावरनं वारं गेलं, उजवा हात-पाय लुळा पडला, बोलणं अडखळतंय. अडीच तासांत सीटी झाला, त्यात 'ॲस्पेक्ट्स ८' लिहिलंय. यावरून पुढचं काय कळतं?

मी कोल्हापुरात सीटीच्या मशीनवर टेक्निशियन आहे. रिपोर्ट लिहिणं माझं काम नाही, पण चित्र सगळ्यांच्या आधी मला दिसतं, म्हणून लिहितोय.

ॲस्पेक्ट्स म्हणजे वारं गेल्यावर मेंदूचा किती भाग बिघडला याचे सीटी बघून दिलेले मार्क. आठ म्हणजे दहापैकी आठ. फक्त हे मार्क शाळेसारखे मिळवायचे नसतात. मेंदूच्या मधल्या मोठ्या धमनीचा प्रदेश दहा भागांत वाटलाय, प्रत्येक पेशंट दहा घेऊनच येतो आणि जिथं बिघाड दिसेल तिथं एकेक कापला जातो. कॅनडातल्या आल्बर्टाच्या डॉक्टरांनी २००० साली ही पद्धत मांडली. त्यांना दिसलं की सात किंवा त्याखाली गेलेल्यांत पुढं परावलंबी राहणारे आणि दगावणारे जास्त, गुठळी विरघळवणाऱ्या इंजेक्शननंतर मेंदूत रक्तस्राव होण्याचा धोकाही जास्त. त्या हिशेबानं तुमचा आकडा बऱ्या बाजूचा आहे.

हा बिघाड फार पुसट असतो. मेंदूचा करडा भाग सीटीवर जरा उजळ दिसतो, आतला पांढरा भाग जरा गडद. गुठळीनं रक्तपुरवठा थांबला की पेशींत पाणी शिरतं आणि दोन्हींतला फरक पुसायला लागतो. कानाच्या वरच्या बाजूला, आत दुमडलेला इन्सुला नावाचा भाग आहे. त्याची उजळ किनार एका बाजूला ठळक आणि दुसऱ्या बाजूला ओल्या बोटानं पुसल्यासारखी दिसते. कधी धमनीच पांढऱ्या दोऱ्यासारखी उठून दिसते, ती आत अडकलेली गुठळी. मी स्क्रीनची विंडो, म्हणजे दिसणाऱ्या करड्या छटांचा पट्टा, अरुंद करून फरक ठळक करतो आणि डावं-उजवं ताडून बघतो. तरीही दोन डॉक्टरांच्या मोजणीत एखाद्या मार्काचा फरक पडतो, त्यामुळं आठ की सात यावर रात्र जागू नका.

सीटी स्वच्छ आला म्हणून खूश होणारेही बघितलेत. ऊस हंगामात कागलकडचे एक गृहस्थ तासाभरात आले, तोंड वाकडं, डावा हात गळालेला. चित्रात काहीच नाही. मुलगा दारात फोनवर सांगत होता, "काय न्हाई, नॉर्मल आलंय, सांजच्याला घरी आणतो." त्या वेळेला सीटी मुख्यतः रक्तस्राव नाही ना हे बघायला असतो. डाग उमटायला वेळ लागतो. दुसऱ्या दिवशी तो उजवीकडं चांगला मोठा उमटला होता. एमआरआयवर हेच बरंच आधी दिसतं.

आता खरी गोम. मोजताना दहाही भाग सारखे, जगताना नाहीत. इंटर्नल कॅप्सूल चिंचोळी पट्टी आहे, तिचा एकच मार्क जातो, पण हातापायाच्या सगळ्या तारा तिथून उतरतात. काकांचा बिघाड डाव्या मेंदूत आहे, बहुतेकांची भाषा तिथंच असते. म्हणून किती कापले यापेक्षा कोणते दोन कापले हे डॉक्टरांना विचारा. सीटी अँजिओ (औषध टोचून रक्तवाहिन्यांचा काढलेला सीटी) झाला असेल तर धमनी कुठं बंद आहे आणि आजूबाजूच्या लहान वाहिन्या किती रक्त पुरवताहेत तेही विचारा. इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत देतात. मोठी धमनी बंद असेल तर तारेनं गुठळी काढतात, निवडक पेशंटमध्ये २४ तासांपर्यंतसुद्धा. धमनी उघडली की नाही, यावर पुढचं फार अवलंबून असतं. वय आणि साखरही धरतात.

पूर्वी सहाखाली मार्क असले की गुठळी काढायला सहसा नेत नसत. २०२२-२३ च्या चाचण्यांत तीन ते पाचवाल्यांनाही फायदा दिसला. त्यामुळं कमी मार्क म्हणजे दार बंद, असं आता कुणी म्हणू नये.

आणि डॉक्टर 'चांगला निकाल' म्हणतात तेव्हा बहुधा तीन महिन्यांनी माणूस आपलं आपण करतो का, एवढंच धरलेलं असतं. आधीसारखं पंचगंगेत पोहणं त्यात येत नाही.

पहिले चार-पाच दिवस मेंदूला सूज येऊ शकते. काका जास्त पेंगायला लागले, हाक मारून डोळे उघडेनात, तर सकाळच्या राऊंडची वाट न बघता लगेच सिस्टरना बोलवा. साधारण चोवीस तासांनी पुन्हा सीटी काढतील, तो पहिल्यापेक्षा जास्त सांगेल.