आयरिश लग्नप्रथांचा अभ्यास: सुरुवात श्रोव्हपासून करा

प्रेमाची खूण असलेली क्लाडाची अंगठी आणि लिस्डूनवार्ना गावातला लग्नं जुळवण्याचा सप्टेंबरमधला मेळा सगळ्यांनाच माहीत असतो. तुम्ही मात्र सुरुवात श्रोव्ह मंगळवारापासून, म्हणजे ईस्टरआधीचा लेंट सुरू होण्याच्या आदल्या दिवसापासून करा. आपल्याकडे चातुर्मासात लग्नं थांबतात, तशी कॅथलिक आयर्लंडमध्ये लेंटच्या उपवासकाळात थांबत. म्हणून त्याआधीचे दिवस हाच खरा लग्नसराईचा हंगाम. मध्यस्थ घरोघर फिरायचा, मुलीच्या हुंड्यावर घासाघीस व्हायची, तिच्याकडची माणसं मुलाची जमीन आणि गुरं पाहून यायची. एवढं कळलं की बाकीच्या प्रथांची संगती आपोआप लागते.

आता जे अविवाहित राहिले त्यांचं काय? मन्स्टर या दक्षिणेकडच्या प्रांतात लेंटच्या पहिल्या रविवारी त्यांच्या कोटावर गुपचूप खडूच्या रेघा मारत. केरीच्या किनाऱ्याबाहेरच्या स्केलिग बेटावर लेंट उशिरा सुरू होतो, अशी समजूत होती. त्यामुळे लग्न राहिलेल्यांना ‘स्केलिगला जा’ म्हणत आणि गावातल्या अविवाहितांच्या जोड्या जुळवून टिंगलीची कवनं छापत. गंमत होतीच, पण ज्याच्यावर ती व्हायची त्याला ती बोचतही असणार. हे वाचताना विसरू नका.

लग्नघरी गवताचे उंच मुखवटे घालून येणाऱ्या स्ट्रॉबॉईजबद्दलही जरूर वाचा, मला ती प्रथा फार आवडते. ते नवरीबरोबर नाचत, पण ओळख देत नसत.

मूळ साहित्यासाठी ‘दूखस’ हे आयरिश लोकपरंपरांचं संकेतस्थळ उघडा. 1937 ते 1939 दरम्यान शाळकरी मुलांनी घरच्या वडीलधाऱ्यांकडून ऐकून लिहिलेल्या वह्या तिथे मोफत वाचता येतात. एकच काउंटी (म्हणजे जिल्हा) निवडा, आणि प्रत्येक नोंदीसोबत गावाचं नाव टिपून ठेवा. ‘आयर्लंडमध्ये असं करतात’ असं सरसकट लिहू नका. क्लेअरची रीत डोनेगॉलमध्ये असेलच असं नाही.