विचारा गुरुजींना : गिलास तडकतो, मग झुंबर का नाही?

प्रश्न : गुरुजी, नमस्कार. माह्या भाच्यानं लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममधल्या काचेच्या झुंबराचा फोटो धाडला. निळे-हिरवे वेटोळेच वेटोळे, घुमटाखाली लटकलेले. माह्या टपरीवर हिवाळ्यात उकयता चहा ओतला का गिलास तडकते. मंग हे एवढं धूड कसं टिकलं? अन् भाचा म्हनते, ज्याच्या नावावर हाये त्यानं सोता फुकलंच नाही. मंग कलाकार कोन?
– एक चहावाला, ता. आर्णी

उत्तर : भाचा खोटं सांगत नाही. ते झुंबर डेल चिहुली या अमेरिकन माणसाचं. 1976 मध्ये मोटार अपघातात त्याचा डावा डोळा गेला, 1979 मध्ये खांदा निखळला आणि फुंकनळी, म्हणजे वितळलेल्या काचेत हवा फुंकायची नळी, हातातून सुटली. तेव्हापासून तो चित्रं काढतो, रंग ठरवतो, समोर उभा राहून करवून घेतो. माझ्या मते कलाकार तोच. पण पाटीवर फुंकणाऱ्यांची नावं हवीत. आमच्या वडश्याच्या नाटकाच्या हँडबिलावर ऑर्गनवाल्याचंसुद्धा नाव असतं!

आणि ते एकसंध धूड नाही. शेकडो वेटोळी वेगवेगळी फुंकून लोखंडी सांगाड्याला एकेक अडकवलेली आहेत.

आता तुमचा गिलास. चहा पडताच आतली बाजू फुगते, बाहेरची गारच राहते, कारण काचेतून उष्णता फार सावकाश सरकते. बाहेरची बाजू ताणली जाते आणि तिथून तडा जातो. जाड बुडाचे गिलास म्हणूनच आधी जातात. ओतण्याआधी कोमट पाण्यानं विसळत जा.

काच घडवणाऱ्यालाही हीच धास्ती. सुमारे 1100 अंशांवरची काच उघड्यावर ठेवली तर वरून आधी निवते, आतून मागाहून, आणि ताण आतच अडकून बसतो. मग ती कधी दुसऱ्या दिवशी फुटते, कधी महिन्यानं, कोणी हात न लावता. म्हणून घडवलेली वस्तू लगेच सुमारे 500 अंशांच्या भट्टीत ठेवतात आणि आच अगदी हळूहळू उतरवतात. असली झुंबरं टिकतात ती म्हणूनच. काच जितकी जाड, तितका वेळ जास्त. अमेरिकेतल्या कॉर्निंग गावी 1934 मध्ये दुर्बिणीच्या आरशासाठी 200 इंच रुंद तबकडी ओतली, ती निववायला दहाएक महिने गेले. त्याआधीचा फसलेला ओतीव आज तिथल्याच काचेच्या म्युझियममध्ये मांडून ठेवलाय. मला विचाराल तर झुंबराआधी मी तो पाहीन.

अडकलेला ताण डोळ्यांनी दिसतोही. पोलरॉइड (चकाकी कापणारा) गॉगल घाला आणि सकाळी किंवा संध्याकाळी स्टँडवरच्या एखाद्या कारची मागची काच तिरप्या नजरेनं पाहा. ठिपक्यांची रांग दिसेल, तोच अडकलेला ताण. ती काच मुद्दाम झटकन गार केलेली असते, म्हणून फुटली तर तिचे बारीक बोथट दाणे होतात. साधा स्वस्तातला काळा गॉगल मात्र चालायचा नाही.