सीजीपीए ६.१ असताना इंटर्नशिपसाठी अर्ज कुठे करावा?

तू सोलापुरात कॉम्प्युटर इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहेस. सीजीपीए (सगळ्या सेमिस्टरची मिळून सरासरी) ६.१, एक बॅकलॉग, म्हणजे राहिलेला विषय, होता तो निघाला. नावाजलेल्या इंटर्नशिपला अर्ज करावा का, आणि रेझ्युमेवर सीजीपीए लपवावा का, असं विचारलंयस. अर्ज जरूर कर, पण सरसकट नको.

मी पुण्यात इंटर्न निवडायच्या कामात असतो. फॉर्मवर ७ किंवा ७.५ ची अट असेल, तर तुझा अर्ज बहुतेक वेळा कुणी उघडतही नाही, आधीच गाळला जातो. तिथे रात्री जागवू नकोस. जिथे काम देऊन पारखतात तिकडे वळ. आयआयटी मुंबईच्या 'फॉसी' या ओपन सोर्स (कोड सगळ्यांना खुला असलेल्या) सॉफ्टवेअरच्या प्रकल्पात स्क्रीनिंग टास्कवर, म्हणजे आधी दिलेल्या कामावरून, निवड होते. 'गुगल समर ऑफ कोड' हा ओपन सोर्स संस्थांच्या प्रकल्पांवर काम करायचा गुगलचा कार्यक्रम २००५ पासून चालू आहे, तिथे मार्कांची अटच नाही. त्यात भाग घेणाऱ्या संस्थांची यादी साधारण फेब्रुवारीअखेर येते आणि मग एकच झुंबड उडते. मागच्या वर्षांच्या याद्या खुल्या आहेत. त्यातला एखादा प्रकल्प धरून आत्तापासून बारीक बग सोडवायला लाग. प्रस्ताव पाठवशील तेव्हा त्या प्रकल्पातल्या मेंटरला (मार्गदर्शकाला) तुझं काम माहीत असलं पाहिजे.

आता प्रोजेक्टचं. लायब्ररी मॅनेजमेंट आणि हॉटेल बुकिंग इतकी येतात की त्यावर नजर थांबतही नाही. तू सोलापुरात आहेस, याचा उपयोग कर. पूर्वभागातल्या एखाद्या टॉवेलच्या कारखान्यात मालकाला विचारून चार दिवस बस. कुणी किती माल विणला याच्या नोंदी वहीत होत असतील, मजुरी त्यावरून निघत असेल, तर तो हिशोब मोबाईलवर आण. स्क्रीन मराठीबरोबर तेलुगूतही ठेव, कारण तिथल्या कितीतरी कामगारांच्या घरात तेलुगूच बोलतात. लाईट गेल्यावर नोंद राहते का? चुकीचा आकडा पडला तर दुरुस्त कोण करणार, मालक की मुकादम? असे प्रश्न तिथे बसल्याशिवाय पडत नाहीत, आणि मुलाखतीत मी नेमके तेच विचारतो. महिनाभर खरोखर वापरात असलेलं असं एक काम मला दहा सर्टिफिकेटांपेक्षा मोलाचं वाटतं.

सीजीपीए लपवू नकोस. फॉर्मवर विचारला तर खरा आकडाच टाक. मार्कशीट तपासली जातेच, आणि खोटं निघालं तर हातातली ऑफर जाते. शेवटच्या दोन सेमिस्टरचे एसजीपीए (त्या त्या सेमिस्टरची सरासरी) चढते असतील तर ते शेजारीच लिही. बॅकलॉगबद्दल विचारलं तर कारण एका वाक्यात सांग आणि पुढे चल, रडगाणं नको.

कॉलेजच्या सीनियर्सना मेसेज करताना 'दादा, रेफरल मिळेल का?', म्हणजे कंपनीत माझं नाव सुचवशील का, एवढंच लिहू नकोस. काय बनवलंस, त्याची लिंक आणि कोणत्या जागेसाठी अर्ज करतोयस, हे चार ओळींत सांग. उत्तर द्यायला सोपं जातं.

हे सगळं करताना चालू सेमिस्टर मात्र सांभाळ. कॅम्पसला येणाऱ्या बऱ्याच कंपन्या ६० टक्के किंवा ६ सीजीपीएची अट ठेवतात, चालू बॅकलॉगही चालत नाही. तू अगदी काठावर आहेस, म्हणून परीक्षेच्या आधीचे तीन आठवडे कोड पूर्ण बाजूला ठेव.