प्रसूतिगृहात बाईवर कुणी हात उगारताना दिसलं तर काय करावं?

गप्प बसू नका. पण कळा चालू असताना तिथे भांडणही काढू नका, राग त्या बाईवरच निघतो. आधी तिच्याजवळ जाऊन उभं राहा.

मावसबहिणीच्या बाळंतपणात शेजारच्या खाटेवरच्या पोरीच्या मांडीवर सिस्टरने फाडकन चापट मारलेली मी पाहिली. वर "तेव्हा नाही ओरडलीस ती?" तिची आई दाराबाहेर, आत सोडतच नव्हते. सरकारी दवाखान्यात बाळंतिणीसोबत एका बाईला थांबू द्यावं अशा सूचना केंद्राने २०१६ सालीच दिल्यात, आणि २०१७च्या 'लक्ष्य' या प्रसूतिगृहं सुधारण्याच्या केंद्राच्या कार्यक्रमात सन्मानाची वागणूक हा भागच आहे. हे तिथे शांतपणे बोलून दाखवा. ड्युटीवर माणसं कमी असतात, मान्य, म्हणून मारायचं?

व्हिडिओ काढू नका, आत इतर बायाही असतात. तारीख, वेळ, वॉर्ड आणि नेमके शब्द लिहून ठेवा. मग वैद्यकीय अधीक्षकांकडे लेखी अर्ज द्या, पोच घ्याच. डॉक्टरविरुद्ध महाराष्ट्र मेडिकल कौन्सिल, सिस्टरविरुद्ध महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिल. अर्ज मात्र त्या बाईला विचारूनच करा, आणि शक्यतो तिला घरी सोडल्यावर.